हिरव्या डहाळीची मुदत

माझी नात पुण्यात संगणकाचं काम करते. मागच्या सुट्टीत वरोऱ्याला आली तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाईप करत बसली होती. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "आजोबा, इथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. नुसता हुकूम लिहायचा आणि यंत्र तो पाळतं. सगळं पुसून टाक म्हटलं की पुसून टाकतं."

"आधी विचारत नाही?"

"विचारतं ना. 'नक्की का?' म्हणून विचारतं. पण लोक वैतागतात. म्हणतात, रोज तेच काम करतो आम्ही, ही धोक्याची सूचना गप्प करायची काहीतरी सोय द्या. ती सोय द्यावी का, दिली तर कशी द्यावी, यावर आमच्या ऑफिसात तीन दिवस भांडण चाललंय."

मी म्हटलं, पोरी, हेच भांडण आम्ही चांद्याच्या जंगलात काडीपेटी हातात घेऊन केलं होतं. ती हसली. आजोबांना प्रत्येक गोष्टीत जंगल दिसतं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मग मी तिला राजीबाईची हकीकत सांगितली आणि तिने तो यंत्राचा डबा बंद करून ठेवला.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे वाघाचा अनुभव मागितला होता. त्यांनी मला माफ करावं. नोकरीत मला वाघ चार वेळा दिसला आणि चारही वेळा माझ्याकडे पाहून तोच कंटाळून निघून गेला. मला उभ्या जन्मात खरी भीती वाटली ती आगीची, आणि तीही दुसऱ्या कोणी लावलेल्या नव्हे. मी स्वतः, सरकारी हुकमाने, खाकी कपडे घालून लावलेल्या आगीची.

पन्नास ते साठच्या मधली ही वर्षं. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातली एक तहसील होती. मी वरोऱ्याचा, कापसाच्या गाड्या बघत वाढलेला. मॅट्रिक झालो, नोकरी लागली आणि एकदम गडचिरोलीच्या पुढच्या जंगलात नाकेदार म्हणून जाऊन पडलो. नाकेदार म्हणजे जंगलाचा शिपाई. रेंजर साहेबाच्या खालचा आणि झाडांच्या वरचा, एवढीच त्याची पायरी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जंगल खात्याचं काम आग विझवायचं. ते खरं, पण त्याच्या आधी आग लावायचं कामही आमचंच. एप्रिल-मेमध्ये पानगळ गुडघ्याएवढी साचते. त्यात कोणाची विडी पडली तर मैलोगणती जंगल जातं. म्हणून फेब्रुवारीत, सकाळी दव उडाल्यावर आणि वारा सुटायच्या आत, आम्ही जंगलाचे ठरलेले तुकडे हलक्या आगीने जाळून घ्यायचो. पानं जळतात, झाडं उभी राहतात, आणि उन्हाळ्यातल्या आगीला खायला काही उरत नाही. माझ्या बीटात, म्हणजे माझ्या ताब्यातल्या जंगलात, असे चौदा तुकडे होते. प्रत्येकाच्या चारी बाजूंनी झाडझाडोरा साफ केलेला पट्टा, त्याला आम्ही लाईन म्हणायचो. काम सोपं दिसतं. काडी ओढायची, दुसरं काय?

पण काडी ओढायच्या आधी एक रीत होती. तुकड्याच्या कोपऱ्यावर उभं राहून तीनदा हाक द्यायची. "आग लागून राह्यली! आत कोण हाय?" प्रत्येक कोपऱ्यावर एक वॉचर उभा असायचा, तो कान देऊन ऐकायचा आणि आतून काही आलं नाही तर ओरडायचा, "हिल्ले!" गोंडीत हिल्ले म्हणजे 'नाही'. चारी कोपऱ्यांवरून हिल्ले आलं की एक विडी ओढून होईपर्यंत थांबायचं आणि मगच काडी. जंगलात विडीला बंदी, आणि बंदी करणारा मी वेळ मोजायचो विडीने. ही रीत माझ्या आधीची होती. आसपासच्या गावांत लहान पोरालाही ठाऊक होतं, की हाकेशिवाय सरकारी आग लागत नाही.

वॉचरांचा म्होरक्या सुकरू मडावी. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, काटक, बोलायला कमी. मी त्याला सुकरूभाऊ म्हणायचो. वारा सुटणार हे त्याला माझ्या आधी अर्धा तास कळायचं. त्याची हाक अशी, की मैलभर दूर माणूस हातातलं काम टाकून उभा राहील. पहिल्या वर्षी मी त्याच्या शेजारी उभा राहायचो आणि हाक दिल्यावरची ती शांतता ऐकायचो. आत कोणी असेल आणि झोपलं असेल तर? कोणी बहिरं असेल तर?

एकदा तर आतूनच उत्तर आलं, "कोणी नाई!" चोरून सागाची बल्ली तोडणारा एक म्हातारा होता. सापडू नये म्हणून बिचाऱ्याने आपल्या परीने वॉचरांना मदत केली. आम्ही त्याला बाहेर काढला तेव्हा तो रागाने म्हणाला, "सांगतलं ना तुमाले कोणी नाई म्हनून!" आम्ही पोट धरून हसलो. मी पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट सांगून लोकांना हसवलं आहे. पण त्या दिवशी घरी जाऊन झोपलो तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता, हे कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षापर्यंत भीती बोथट झाली. असं होतंच. चौदा तुकड्यांपैकी पाच-सहा असे होते, की तिथे कधीच कोणी नसायचं. पाणी नाही, मोह नाही, तेंदू नाही, नुसता दाट मानवेल बांबू. तिथेही तीन हाका, चार हिल्ले आणि एक विडी. इकडे रेंजर साहेबाचा तगादा, वारा सुटायच्या आत दोन तुकडे उरकायचे. मग काय व्हायचं तर हाक संपायच्या आत पलीकडून हिल्ले यायचं. एकदा मी मुद्दाम हाक न देता नुसता खाकरलो, तर लांबच्या कोपऱ्यावरून देवाजी नावाचा वॉचर मोठ्याने हिल्ले म्हणाला. मी त्याला धरून झापला. तो म्हणाला, "साहेब, तिथी कोण मरायले जाते? काऊन उगा बोंबलाचं?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. जिथे खरंच कोणी नसतं तिथे रोज ओरडायला लावलं, की जिथे कोणी असतं तिथेही माणूस नुसता तोंडानेच ओरडतो. मला ते नाटक बघवेना. मी मॅट्रिक, डोकं चालवलं. म्हटलं, खोटी हाक देण्यापेक्षा उघड माफी बरी. पाच रिकामे तुकडे निवडले, प्रत्येकाच्या कोपऱ्यावरच्या सागावर कुऱ्हाडीने आडवी खाच मारली आणि वॉचरांना सांगितलं, ही खाच दिसली की हाक नाही, विडी नाही, थेट काडी. सुकरूने खाचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे किती दिवस?"

मी म्हटलं, "किती दिवस म्हणजे? कायमचं."

तो पुढच्या कोपऱ्याकडे चालू लागला. मला माझ्या अकलेचं भारी कौतुक वाटलं होतं. त्या वर्षी सगळे तुकडे आठ दिवस आधी जळून झाले आणि रेंजर साहेबाने माझी पाठ थोपटली.

पुढच्या पावसाळ्यानंतर पाच नंबरच्या तुकड्यातला बांबू फुलला. बांबूचं हे विचित्र असतं. तीस-चाळीस वर्षं नुसता वाढतो, मग एकदाच फुलतो, बी टाकतो आणि अख्खं बेट उभ्या उभ्या मरतं. ते बी भातासारखंच असतं. जंगलातल्या लोकांना ते फुकटचं धान्य. बायका बेटाखालची जमीन झाडून लखलखीत करतात आणि गळलेलं बी सुपाने पाखडून टोपलीत भरतात. मी डायरीत लिहिलं, तुकडा पाच, बांबूस फुलोरा आला आहे. माझ्या हस्ताक्षरात, तारखेसकट. आणि त्याच तुकड्याच्या कोपऱ्यावरची खाच मी तशीच ठेवली. दोन गोष्टी माझ्याच डोक्यात होत्या, एकमेकींपासून दोन बोटांवर, आणि त्यांची भेट झाली नाही. याला काय म्हणावं ते मला पन्नास वर्षांत कळलेलं नाही.

फेब्रुवारीतली सकाळ. सुकरू पलीकडच्या कोपऱ्यावर, मी अलीकडे. खाच दिसली. मी काडी ओढली, पलीकडे त्याने ओढली. पानांनी चांगला जाळ धरला. मी समाधानाने लाईनीवरून चालत निघालो. शंभरेक पावलं गेलो असेन. लाईनीच्या कडेला धावड्याच्या फांदीवर पाण्याचा एक तुंबा टांगलेला दिसला. दुधी भोपळा वाळवून करतात तसा, गळ्याला लाल चिंधी बांधलेली.

तुंबा रिकामा असता तर मी म्हटलं असतं, कोणी विसरलं. मी हात लावला. तो भरलेला होता आणि गार होता.

सुकरू त्याच्या बाजूने चालत येतच होता. त्याने दुरून माझं तोंड पाहिलं, मग तुंबा पाहिला. जवळ आला आणि लाल चिंधी बोटात धरून म्हणाला, "हा आमच्या घरचा हाय."

"कोण आलंय आत?"

"राजी. ते सहा नंबरात जातो म्हने बी वेचाले. सहा नंबरात म्हने." राजी त्याची बायको. तो तेच तेच बोलत राहिला आणि बोलता बोलता आगीकडे चालू लागला. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. तो माझ्यापेक्षा ताकदवान होता. मला ओढत ओढत तो जाळापर्यंत गेला आणि तिथे धगीने आम्हा दोघांनाही मागे ढकललं.

मग त्याने हाक दिली. आधी द्यायची ती हाक, आता. "राजी! वो राजी!" उत्तराला आतून बांबू फुटायला लागले. बांबूच्या पेरात हवा असते, ती तापली की बंदुकीसारखा बार होतो. वाळलेलं बेट पेटलं तर शंभर बंदुका एकदम. त्या आवाजात आतून कोणी ओरडत असेल तरी ऐकू येणं शक्य नव्हतं. मला तर प्रत्येक बारानंतर बाईचा आवाज ऐकू येत होता. मी सुकरूला विचारायचो, ऐकलंस का, आणि तो नाही म्हणून मान हलवायचा.

आम्ही आठ माणसं होतो. हिरव्या फांद्या तोडून जाळ झोडपत राहिलो. माझ्या भुवया जळाल्या, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. हलकी आग म्हणतात ती, पण मेलेल्या बांबूत शिरल्यावर कसली हलकी. तास गेला की दीड तास, सांगता येणार नाही. मी मनातल्या मनात एकच हिशोब करत होतो, की ती सहा नंबरात असेल, सहा नंबरातच असेल, तुंबा नुसता वाटेवर टांगला असेल. आणि भरलेला गार तुंबा माझ्या गळ्यात लटकत होता. तो मी कधी गळ्यात अडकवला ते मलाच ठाऊक नव्हतं.

जाळ पुढे सरकला तसे आम्ही मागून आत शिरलो. राख पायाला चटके देत होती. सुकरू अनवाणी होता. एका बेटापाशी देवाजी थांबला आणि त्याने नुसता हात वर केला.

बेटाखालची जमीन झाडलेली होती. स्वच्छ, अंगणासारखी. बी वेचायला तिने सकाळपासून तेवढी जागा झाडून काढली होती, तिथे जळायला पानच नव्हतं. त्या गोलात ती पालथी पडली होती, तोंडाखाली माती उकरून, डोक्यावर लुगडं गुंडाळून. अंग गोलाच्या आत होतं. पाय मावले नव्हते.

सुकरू तिच्याजवळ बसला, पण तिला हात लावायची त्याची हिंमत होईना. मी तुंब्यातलं पाणी तिच्या मानेवर ओतलं. ती हलली. तिने तोंड वळवलं, राखेने माखलेलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हाक काऊन नाई देल्ली?"

मी तुंब्यातलं उरलेलं पाणी तिच्या पायांवर ओतलं.

"मी कान देऊन होती," ती म्हणाली. "सहा नंबरात बी कमी, म्हनून इथी आली. हाक आली का निंगून जाईन म्हनलं. हाक आलीच नाई."

ही गोष्ट मी तोवर लक्षातच घेतली नव्हती. हाक बंद केली तेव्हा मी वॉचरांना सांगितलं, गावाला सांगितलं नाही. सुकरू बोलायला कमी, त्याने घरीही काही काढलं नव्हतं. गावाच्या लेखी हाक नाही म्हणजे आग नाही. मी सूचना गप्प केली होती आणि त्या बाईने माझं गप्प राहणं म्हणजे अभय असं धरलं होतं.

बाजेवर घालून आम्ही तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. आळीपाळीने खांदे बदलत, दिवस मावळेपर्यंत चाललो. मी तेवढा माझा खांदा बदलू देत नव्हतो. राजीबाईचे पाय वाचले. बोटं काही गेली, काही एकमेकांना चिकटली. पावसाळा लागेपर्यंत ती जमिनीवर उभी राहिली नाही.

रेंजर साहेब चौकशीला आले. त्यांनी वॉचरांना विचारलं, हाक दिली होती का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुकरू म्हणाला, "देल्ली होती साहेब." त्याने मला वाचवायला तसं म्हटलं की स्वतःला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मी म्हटलं, "नव्हती दिली. खाच माझी आहे." माझ्या नोकरीच्या पुस्तकात जो शेरा आला तो शेवटपर्यंत राहिला, आणि मी त्याबद्दल तक्रार केली नाही.

साहेबांनी हुकूम काढला. यापुढे एकही माफी नाही. प्रत्येक तुकड्याला तीनऐवजी पाच हाका. मी सगळ्या खाचा तासून काढल्या. आणि आठ दिवसांत काय झालं? एक दिवस चार नंबरात सुकरूची दुसरी हाक चालू होती आणि पलीकडून हिल्ले आलं. राजीबाई दवाखान्यात पाय वर टांगून पडली होती, आणि इकडे पुन्हा तेच नाटक सुरू झालं होतं.

दवाखान्यात मी आठवड्यातून एकदा जायचो. बोलायला काही नसायचं. एकदा मीच न राहवून तिला हे सांगितलं. म्हटलं, राजीबाई, माफी दिली तरी माणूस मरतो, न दिली तरी मरतो, मी करू काय?

ती म्हणाली, "तुमची खाच मरत नाई नाकेदार. हेच तिचं वाईट. आमच्यात कोणाले मव्हाळाचं पोळं दिसलं, तं तो झाडाले डहाळी बांधते. हिरवी हाय तवपर्यंत पोळं त्याचं. वाळली का कोणीई काढा. अन् कोन्या झाडाची डहाळी हाय, ते पाहूनच समजते कोणाची हाय. तुमी काऊन तसं नाई करत?"

आम्ही तसं केलं. साहेबांचा हुकूम कागदावर राहिला, त्याला कोणी धक्का लावला नाही. पण बीटात रीत अशी पडली, की ज्याला एखाद्या तुकड्याची हाक माफ करायची असेल, त्याने त्याच सकाळी तो तुकडा स्वतः आतून पायांनी फिरून यायचं. मग प्रत्येक वाटेच्या तोंडाशी आपल्या झाडाची हिरवी डहाळी बांधायची. माझी तेंदूची, सुकरूची जांभळाची, देवाजीची कुसुमाची. एका डहाळीने एकच तुकडा. फेब्रुवारीच्या उन्हात सकाळची डहाळी दुपारपर्यंत मान टाकते. पान लोंबलं की माफी संपली, पुन्हा हाक. आणि गावोगाव जाऊन सांगितलं, की डहाळी दिसली तर आत पाऊल टाकू नका, तिथे हाक येणार नाही. गंमत म्हणजे आत फिरून यायचं म्हटल्यावर देवाजी पुष्कळ ठिकाणी म्हणायला लागला, "जाऊ द्या साहेब, हाकच देतो." आणि त्या हाका खऱ्या असायच्या.

नातीला मी एवढंच सांगितलं. सोय द्या. नाही दिलीत तर लोक स्वतःच शोधतील आणि ती तुम्हाला दिसणारही नाही. पण जो गप्प करील त्याचं नाव तिथे राहू दे, एका वेळी एकच गोष्ट गप्प होऊ दे, आणि ते गप्प राहणं आपोआप मरू दे. ती लिहून घेत होती. मला वाटलं, किती शहाण्यासारखं बोललो मी. पण माझी स्वतःची गत काय झाली ते तिला सांगितलं नव्हतं, ते इथे सांगतो.

पुढच्या फेब्रुवारीत पाच नंबरचा उरलेला अर्धा भाग जाळायचा होता. मागल्या वर्षी आम्ही झोडपून विझवलेला. मेलेल्या बांबूचा नुसता ढीग होता तो. तो तसाच उन्हाळ्यात गेला असता तर बीटाबरोबर दोन गावंही गेली असती. सुकरूने सकाळी आतून फिरून जांभळाची डहाळी बांधली. ताजी, लकलकीत. शिवाय मी सांगितलं म्हणून जुन्या रीतीप्रमाणे तीन हाका दिल्या. चारी कोपऱ्यांवरून हिल्ले आलं, एकेक करून, थांबून थांबून, खरंखुरं. विडी संपली.

मी काडी काढली आणि हात हलेना.

"राजीबाई कुठे आहे?"

"घरी," सुकरू म्हणाला.

"पाहिलंस?"

"निंगालो तवा चुलीपाशी होती."

"आता कुठे आहे?"

मी त्याला पुन्हा आत पाठवलं. तो फिरून आला, कोणी नाही. पुन्हा हाका, पुन्हा हिल्ले. मी काडी पेटीत ठेवली. वॉचर एकमेकांकडे बघायला लागले. झाडांच्या शेंड्यांवर पानं हलू लागली होती. अजून तासाभरात वारा सुटणार आणि आजचा दिवस फुकट. दुसऱ्या दिवशीही माझं असंच झालं असतं, हे मला कळत होतं. जगातली कोणतीच खात्री मला पुरी पडणार नव्हती. चौकशीत उभा राहिलो तेव्हा जेवढी वाटली नाही, तेवढी लाज तेव्हा वाटली.

सुकरू गावाच्या वाटेला लागला. गाव अर्ध्या मैलावर होतं. परत आला तेव्हा त्याच्या मागून राजीबाई येत होती. काठी टेकत, पाय आडवे टाकत. दवाखान्यातून आल्यावर जंगलात ती पहिल्यांदाच येत होती. लाईनीच्या तोंडाशी आल्यावर ती थांबली. आत त्या काळ्या-पिवळ्या बांबूंकडे तिने पाहिलं आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं, आता ही मागे फिरेल. मागे फिरावी असंही वाटलं.

ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, काठी रोवून.

"लावा," ती म्हणाली. "मी इथी हाओ."

मी काडी ओढली. पानांनी जाळ धरला, बेटात शिरला. पहिला बांबू फुटला तेव्हा तिने माझी बाही धरली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. आग विझेपर्यंत तिने ती बाही सोडली नाही आणि मी हात हलवला नाही.